पांढरीची माती उचलण्याआधी नांगरलेलं रान एकदा चालून बघा

प्रति,
प्रवरा, गोदावरी, घोड आणि भीमा खोऱ्यांतल्या तालुक्यांचे तहसीलदार, ग्राम महसूल अधिकारी आणि सर्व ग्रामसभा

सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दोन कामं एकदमच चालतात. रानांची उन्हाळी नांगरट होते, आणि गावालगतच्या, ओढ्याकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून माती भरलेल्या ट्रॉल्या रानांकडे निघतात. दोन्ही कामं रास्त आहेत. पण याच दोन महिन्यांत, याच दोन कामांमुळे जुन्या वस्त्यांचा सगळ्यात जास्त पुरावा वर येतो आणि सगळ्यात जास्त पुरावा कायमचा जातोही. म्हणून हे पत्र.

आमची मागणी एकच आहे. पांढरीची माती उचलायला किंवा टेकाड सपाट करायला परवानगी मिळण्याआधी त्या गटाची आणि शेजारच्या नांगरलेल्या रानांची पायी पाहणी व्हावी, आणि काय कुठं दिसलं याची गट नंबरासह नोंद गावाच्या दप्तरात राहावी. त्यासाठी खणावं लागत नाही, यंत्र लागत नाही, पीक मोडत नाही. पाच माणसं आणि एक सकाळ पुरते.

आपल्या बोलण्यात शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, ते उगाच नाही. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की चुलीची राख, शेण, हाडं, पडलेल्या मातीच्या भिंती आणि चुन्याने सारवलेल्या जमिनी थरावर थर साचतात. भोवतीच्या काळ्या रानात ती जागा भुरकट-पांढरी दिसते आणि आजूबाजूपेक्षा उंच असते. राख आणि हाडांमुळे या मातीत स्फुरद आणि चुना भरपूर असतो, म्हणून ती खत म्हणून चालते. शेतकऱ्याचं निरीक्षण चुकीचं नाही. फक्त ज्या गुणामुळे ती माती पिकाला मानवते, त्याच गुणामुळे ती अभ्यासाला अनमोल आहे, आणि एकदा ती वीस रानांत पसरली की परत गोळा करता येत नाही.

या खोऱ्यांत काय दडलंय हे आपण जाणताच, तरी थोडक्यात सांगतो. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाच्या नावाने एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं बरोबरीने वापरणाऱ्या काळातली, संस्कृती ओळखली जाते. तिथलं उत्खनन १९५०-५१ मधलं. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने काम केलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून १९८२ पर्यंत उत्खनन चाललं आणि सुमारे पाच हेक्टरांच्या त्या वस्तीत इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतचा शेतकऱ्यांचा संसार थरवार उलगडला. घरं, धान्याची पेवं, कालवा, दफनं, सगळं. या जागा आधी कुणाच्या तरी लक्षात आल्या त्या जमिनीवर पडलेल्या खापऱ्यांमुळे.

आता श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादचं बघा. १९७४ मध्ये तिथं झाडाचं खोड-मुळं काढताना एका शेतकऱ्याला चार भरीव ब्राँझच्या वस्तू लागल्या: दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंपेक्षा जास्त. अशी गोष्ट दख्खनेत दुसरी सापडलेली नाही. पण त्या उत्खननातल्या नेमक्या थरातून, मापं घेऊन बाहेर आल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळावर आजही एकमत नाही. काही अभ्यासक त्यांना उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या, काळातल्या मानतात, डी. पी. अग्रवाल यांच्यासारख्यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात अशी शंका घेतली. वस्तू शाबूत आहेत, संग्रहालयात आहेत, आणि तरी त्यांच्याबद्दलचा पहिलाच प्रश्न सुटत नाही. साठ किलो ब्राँझचं हे असं होतं, तर ट्रॉलीत भरून गेलेल्या खापऱ्यांचं काय होत असेल?

नांगर या सगळ्यात नेमकं काय करतो ते जरा सविस्तर लिहायला हवं, कारण परवानगी देताना हाच भाग नजरेआड होतो. बैलाचा लाकडी नांगर चार ते सहा इंच जायचा. ट्रॅक्टरचा पलटी नांगर दहा-बारा इंच जातो. उसासाठी सबसॉयलर, म्हणजे खालचा कठीण थर फोडणारा फाळ, घातला तर दीड-दोन फूट. रोटर वरवर चालतो, पण तो खापऱ्यांचा चुरा करतो: हाताएवढ्या एका तुकड्याचे दहा होतात, आणि मग नुसती संख्या मोजणारा फसतो. म्हणून खापऱ्या मोजायच्याही आणि वजनही करायच्या.

टेकाडाच्या उतारावर आणखी एक गोष्ट घडते. दर पावसाळ्यात वरची माती वाहून जाते, नांगराची खोली मात्र तेवढीच राहते. म्हणजे फाळ दर वर्षी थोडा थोडा खालच्या, आजवर न हललेल्या थरात उतरतो. शेतकऱ्याला वाटतं, मी दर वर्षीसारखंच नांगरतोय. जमिनीच्या हिशेबाने तो दर वर्षी नवं खणत असतो.

हे चालू आहे की नाही, हे खापरीच सांगते. नांगरलेल्या रानातून एक खापरी उचला आणि तिची कड बघा, नक्षी नंतर. आपल्या जमिनीत चुना जास्त, त्यामुळे पुरलेल्या खापरीवर पांढुरका कठीण पापुद्रा चढतो. पापुद्रा दोन्ही अंगांवर आणि तुटलेल्या कडेवरही असेल, तर ती फार पूर्वी तुटली आहे. अंगांवर पापुद्रा, पण कड स्वच्छ, रंग ताजा आणि धार बोटाला लागणारी असेल, तर ती याच हंगामात किंवा फार तर गेल्या दोन-चार वर्षांत फुटली आहे, म्हणजे फाळ आत्ता शाबूत थराला लागतोय. कडा गोल, गुळगुळीत झालेल्या असतील तर तो तुकडा बरीच वर्षं नांगरटीत घोळतोय. एका रानात ताज्या कडेच्या खापऱ्या जास्त दिसल्या, की त्या गटाची पाहणी पुढच्या वर्षावर टाकू नये.

आणखी तीन गोष्टी धोक्याच्या. काळ्या मातीत राखाडी, मऊ, बोटाने चुरगळणारा डाग दिसला तर तो बहुधा चूल, राखेचा खड्डा किंवा घराची जमीन असते. भाजून तांबडी झालेली, वेळूच्या किंवा काटक्यांच्या खुणा उमटलेली मातीची ढेकळं मिळाली तर ती जळालेल्या कुडाची भिंत. आणि दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पडलेली दिसली, तर तिथं नांगर लगेच उचला. ते लहान मुलाचं दफन असतं. इनामगावात अशी दफनं घराच्या जमिनीखालीच सापडली आहेत. त्यात धन नसतं. हाडं असतात, कधी शेजारी एखादं वाडगं. धनाच्या आशेने ती मडकी फुटतात, आणि फुटल्यावर कुणालाच काही मिळत नाही.

काळ्या मातीचा एक विचित्रपणा सांगितलाच पाहिजे. उन्हाळ्यात ती हातभर, कधी त्याहून खोल भेगाळते. वरचे बारीक तुकडे भेगांत पडतात. पावसात ती फुगते आणि मोठे दगड हळूहळू वर ढकलते. त्यामुळे काळ्या रानात वर दिसतं ते खालच्याचं हुबेहूब चित्र नसतं. शिवाय नांगरटीच्या थरात जेवढ्या वस्तू असतात, त्यांतल्या शंभरांत जेमतेम पाच-सहाच कोणत्याही एका वेळी पृष्ठभागावर असतात. एकदा चाललात आणि काही दिसलं नाही म्हणून ‘निरंक’ लिहून मोकळं होऊ नये. पलटीनंतर पुन्हा चालावं लागतं.

मग चालायचं कधी? नुकत्याच नांगरलेल्या रानात मोठी ढेकळं असतात, त्यांत काही दिसत नाही. कुळवाची पाळी झाली, त्यावर वळवाच्या एक-दोन चांगल्या सरी पडल्या, खापऱ्यांवरची धूळ धुऊन गेली आणि वापसा आला, की रान वाचण्याजोगं होतं. तो काळ मृगाच्या पेरणीआधी आठ-पंधरा दिवसांचाच असतो. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर, तिरप्या उन्हात चालावं. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. उसाच्या पट्ट्यात ही संधी दर वर्षी येतच नाही. लागण, खोडवा, पुन्हा खोडवा अशी तीन-चार वर्षं रान झाकलेलं राहतं आणि खोडवा मोडल्यावर जेमतेम पंधरवडा उघडं पडतं. अशा गटांसाठी शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवावं लागतं: खोडवा मोडलात की कळवा.

चालण्याची पद्धत सोपी आहे, पण ती पाळली नाही तर नोंद निकामी ठरते. शेतकऱ्याची परवानगी घेऊन, त्याला बरोबर घेऊन जावं. त्याच्याइतकी त्या रानाची माहिती कुणाला नसते. बांधापासून सुरुवात करून दर दहा मीटरवर एक माणूस उभा करावा. प्रत्येकाने सरळ रेषेत चालत डाव्या-उजव्या बाजूचा एकेक मीटर पट्टा बघायचा, म्हणजे रानाचा पाचवा हिस्सा नजरेखालून जातो. दर वीस मीटरला थांबून त्या टप्प्यात किती खापऱ्या दिसल्या ते लिहायचं, शून्य असलं तरी शून्य लिहायचं. शून्यं न लिहिल्यामुळे कित्येक पाहण्या फुकट जातात, कारण नंतर कळत नाही की तिथं काही नव्हतं की तिथं कुणी गेलंच नव्हतं. जमीन किती उघडी होती तेही लिहावं: एकाला पीक किंवा तण दाट, पाचाला पूर्ण मोकळी. शंभर मीटर लांब-रुंद, म्हणजे एक हेक्टर रानाला पाच माणसांना साधारण तास लागतो. दाटी कुठं आहे ते कळलं की मग तिथं दहा-दहा मीटरचे चौकोन दोरीने आखून बारकाईने बघता येतं, पण ते काम आमच्यासारख्यांवर सोडावं.

गावकऱ्यांनी मोजावं, फोटो काढावा आणि वस्तू तिथंच राहू द्यावी. उचलणं ही मोहाची गोष्ट आहे. सगळ्यांत सुंदर, नक्षीदार तुकडे आधी उचलले जातात, आणि मागे साध्या खापऱ्या उरतात. नंतर येणारा म्हणतो, इथं साधीच भांडी होती!

फोटोबद्दल दोन बारीक सूचना. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असावं, आणि खापरीशेजारी पट्टी नाही तर निदान दहा रुपयांचं नाणं ठेवावं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर त्यातली जागेची माहिती गळून जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. अक्षांश-रेखांश हाताने लिहायचे असतील तर दशांश चिन्हानंतर पाच आकडे लिहावेत. चार लिहिले तर अकरा मीटरचा, तीन लिहिले तर शंभर मीटरहून जास्त घोळ होतो, आणि शंभर मीटर म्हणजे पलीकडच्या शेतकऱ्याचा गट.

काय ओळखावं? जोर्वे प्रकारची खापरी पातळ, तांबूस-नारिंगी, चांगली भाजलेली. नखाने टिचकी मारली की धातूसारखा आवाज येतो, तुटलेल्या कडेत रंग आतपर्यंत एकसारखा असतो, आणि वर काळ्या रंगाच्या रेघा, तिरप्या जाळ्या, चौकटी. पोटाला कोन असलेला वाडगा आणि तोटी असलेलं भांडं ही तिची खास ओळख. सातवाहन काळातली काळी-तांबडी भांडी आतून काळी, बाहेरून तांबडी असतात. पण त्यावरून घाईने काळ ठरवू नये, कारण काळी-तांबडी भांडी ताम्रपाषाणयुगातही आहेत आणि महापाषाणकाळातही. रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे बहुधा मध्ययुगातले. गारेची लांबट पाती, दोन्ही कडा समांतर आणि पाठीवर एक-दोन सरळ शिरा असलेली, ही माणसाने काढलेली असतात. आमच्याकडे पाठवल्या जाणाऱ्या निम्म्या ‘हत्यारां’मध्ये मात्र रोटरने किंवा गाड्याच्या चाकाने फुटलेल्या गारगोट्या असतात, कड वेडीवाकडी आणि फुटीची जागा ताजी चकचकीत. त्यात कुणाचा दोष नाही. दख्खनच्या खडकातून गारगोटी आपसूक निघते आणि ढिगाने पडलेली असते.

आता अशी एक चूक, जी जाणकारही करतात. रानात खापऱ्या सापडल्या म्हणजे तिथं वस्ती होतीच असं नाही. गावाभोवतीच्या प्रत्येक रानात तुरळक खापऱ्या असतात, कारण पिढ्यान् पिढ्या उकिरड्याचं खत त्यांत पडलंय आणि उकिरड्यात फुटकी मडकी असतात. दुसरं, पांढरीची माती ट्रॉल्यांनी आणलेली असू शकते. धरणातला गाळ टाकला असेल तर तोही असाच. म्हणून पहिला प्रश्न शेतकऱ्यालाच विचारायचा: इथं बाहेरची माती कधी टाकली होती का? कुठून? किती ब्रास? आणलेल्या मातीची काही लक्षणं आहेत. खापऱ्या ट्रॉली रिकामी होते त्या कडेला दाट आणि पुढे विरळ, पांढुरका रंग वरच्या वितीपुरताच, खाली काळी, कडा घासलेल्या, आणि सातवाहन, मध्ययुगीन, कालपरवाचं कौल, सगळं एकाच मुठीत. खऱ्या वस्तीच्या जागी दाटी मधोमध असते आणि बाहेर कमी कमी होत जाते. शंका असेल तर शेजारची विहीर, पाटाचा चर किंवा ओढ्याची तुटलेली कड बाहेरून बघावी. त्यात थर असले तर दिसतात. स्वतः खड्डा मारू नये.

आमचा एक ठोकताळा आहे, नियम नव्हे. वीस मीटरच्या एका टप्प्यात एक-दोन खापऱ्या दिसल्या तर ते खत. वीस-तीस दिसल्या, त्यातही राखाडी माती, हाडाचे तुकडे, जळकी ढेकळं किंवा पाट्या-वरवंट्याचे तुकडे बरोबर असले, तर थांबून कळवावं.

विदर्भातल्या वाचकांसाठी एवढंच: तुमच्याकडे गोष्ट वेगळी आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरीसारख्या ठिकाणी जी शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं, आहेत, त्यांत खापऱ्या फारशा वर येत नाहीत. वर येतात ते दगड. ते दगड बांधावर रचले गेले की वर्तुळ संपलं. दगड हलवण्याआधी निदान वरून एक फोटो आणि व्यासाचं माप तरी घ्या.

नाणी, मणी, धातूच्या वस्तू सापडतात तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान स्वच्छतेच्या हौसेने होतं. चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी यांनी तांब्याचं नाणं चकाकतं खरं, पण त्यावरची अक्षरं त्या हिरव्या पापुद्र्याबरोबरच जातात. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी पेटीत ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडून भुगा होतं. प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवावीत. बस, बाकी काही करू नये. आणि मूर्ती किंवा वीरगळ मिळाला तर तो देवळात नेऊन त्याला ऑइलपेंट देण्याआधी, तो कुठल्या बांधावर, कुठल्या दिशेला तोंड करून होता, एवढं तरी लिहून ठेवा.

कायद्याबद्दल गावांत भीती आहे आणि तिच्यामुळेच बहुतेक गोष्टी लपवल्या जातात, म्हणून स्पष्ट लिहितो. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत दडलेल्या धनाच्या) कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती काय आहे, अंदाजे किती किमतीची, कुठं आणि कुठल्या तारखेला सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. कुणी मालक म्हणून पुढे आला नाही आणि ती बेवारस ठरली, तर वेगळा करार नसेल तेव्हा तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. म्हणजे वाटेकऱ्याला किंवा मजुरालाही त्यात हक्क आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी ती वस्तू सरकारसाठी घेतली तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. न कळवलं तर वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सोनाराकडे वितळवून मिळणाऱ्या भावापेक्षा कायद्याचा रस्ता तोट्याचा नाही, हे ग्रामसभेत कुणीतरी उभं राहून सांगायला हवं.

दुसरी भीती जमीन जाण्याची. खापऱ्यांची नोंद झाली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. जागा संरक्षित करायची असेल तर १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार आधी अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. संरक्षित क्षेत्रातही एक फुटापेक्षा जास्त खोल न जाणारी शेती चालू ठेवायला तो कायदा मोकळीक देतो. पलटी नांगराची खोली बघता ही मर्यादा जेमतेम पुरते, आणि सबसॉयलरला ती नाही, हे मात्र खरं.

आता आपल्याकडून काय हवं. तहसीलदार साहेबांना: माती उत्खननाच्या प्रकरणात गाव, गट, ब्रास, वाहन हे सगळं बघितलं जातंच. त्यात एक ओळ वाढवा: ‘या जागेवर किंवा शेजारच्या गटात जुन्या खापऱ्या, राख, हाडं, दगडी वर्तुळ आहे का?’ उत्तर ‘होय’ असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवून पाहणी होईपर्यंत परवाना थांबवा. पाहणीनंतरही माती द्यायचीच ठरली, तर टेकाडाच्या मधून दोन मीटर रुंदीची एक पट्टी उभी सोडण्याची अट घाला, आणि कापलेल्या कडेचा फोटो पट्टी लावून घ्या. त्या पट्टीत सगळे थर एकावर एक उभे राहतात, आणि दहा वर्षांनी कुणी आला तरी त्याला ते वाचता येतात.

ग्राम महसूल अधिकाऱ्यांना: ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर चालू आहे. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो जागेसह टाकतोच. पेरणीआधी, रान उघडं असताना त्याच मोबाईलने आणखी एक फोटो घेणं अवघड नाही. आज त्या अ‍ॅपमध्ये त्याला जागा नाही, ती असावी असं आमचं म्हणणं आहे. तोवर गट नंबर, तारीख, अक्षांश-रेखांश, अंदाजे संख्या आणि ‘बाहेरची माती टाकली होती का’ एवढ्या पाच रकान्यांची साधी वही चालेल.

ग्रामसभांना: धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या टेकाडांवरून आणि रानांतून वर्षानुवर्षं वस्तू जमवल्या आणि त्यातून तिथलं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. तेवढी अपेक्षा प्रत्येक गावाकडून नाही. गावाची पांढर कुठं कुठं आहे, कुठल्या गटातून आजवर किती माती गेली, कुठल्या रानात नांगराला मडकी लागतात, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. ते एका सभेत विचारून गावनकाशावर पेन्सिलीने खुणा करून घ्या. आमच्या कामाचा अर्धा भाग तिथंच होतो.

पाहणीला माणसं हवी असतील तर आम्ही येऊ, खर्च आमचा. फक्त कळवताना रानाची कुळवणी झाली आहे का आणि पेरणी कधीची धरली आहे, या दोन गोष्टी लिहाव्यात. त्यावरून कुठल्या गावाला आधी यायचं ते ठरवता येईल. उसाचे गट असतील तर खोडवा मोडण्याची तारीखही.

कळावे,
आपले,
नांगरलेल्या रानांची पाहणी करणारे पुरातत्त्व अभ्यासक